पुलावरचं ‘या’

“अप्पा, आपल्या गाडीत मधे बसते ती आजी कोण?”

हे मी अप्पांना तोंडावर विचारूच शकणार नाही, अशी माझ्या वर्गातल्या राजम आणि भुवनेश्वरीनं पैज लावली होती. मी विचारलं. शाळेच्या वादसभेत पहिली आल्यापासून माझी जीभ कुणाला आवरत नाही, असं अम्मा म्हणते.

अप्पा स्पॅनर पुसत होते. “मधे? मधे गियरची दांडी आहे, कनकू. कसाला विचारतेस?”

“पोरी म्हणतात. तुम्ही मला सोडून पुढे जाता, तेव्हा शाळेच्या फाटकातून रोज दिसते म्हणे.”

“पोरींना सांग, दोन सीटांची गाडी आहे. मधे मांजरसुद्धा मावत नाही.”

मीही हसले. पण ती आजी कोण हे मला ठाऊक होतं.

आमची गाडी म्हणजे आमच्या तिरुवैयारु गावात चेष्टेचा विषय. निलगिरीतला एक इंग्रज मळेवाला मायदेशी जाताना पाच पेट्या विकून गेला. त्यात सुटे भाग होते, एक जुनं इंजिन होतं, आणि नौकेसारखं हलकं अंग. अप्पा तंजावरला शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात. त्यांनी तीन वर्षं अंगणात बसून ती गाडी जोडली. पोरी तिला साबणाची डबी म्हणतात. मी शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरून चालत यायचे, म्हणजे कुणी बघायला नको. अप्पांना सांगायचे, “चालणं तब्येतीला बरं.” ते खरं मानायचे.

या पैजेच्या थोडे दिवस आधी मार्गळी, म्हणजे डिसेंबरातला थंडीचा महिना, लागला, धुकं पडायला लागलं, आणि एका सकाळी वेण्णार नदीच्या पुलावर इंजिन गुदमरून बंद पडलं. अप्पांनी बॉनेट उघडलं. मी जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक तोटी, काढून फुंकर मारली. ते काम मला येतं. जेट स्वच्छ होता. पेट्रोल येत होतं. मग अप्पा एकदम ओरडले, “कनकू, बघ बघ!”

कार्ब्युरेटरच्या गळ्यावर पांढरा थर होता. बर्फ. तंजावरात!

“दमट हवा,” अप्पा वर्गात बोलतात तसे बोलायला लागले. “पेट्रोल उडताना नळी गार पडते, हवेतलं पाणी आत गोठतं, वाट बंद होते. थोडं थांबायचं. इंजिनच्या उष्णतेनं आपोआप वितळेल.” आणि ते पुलाच्या टोकाला कालव्यावर हात धुवायला गेले.

मी एकटी उभी राहिले. देवळाच्या कर्ण्यावरचं गाणं धुक्यातून ओलं होऊन येत होतं. माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं,

“थंडी वाजते गे.”

मराठी. इथं ती आमच्यासारख्या तंजावरी मराठी घरांतच बोलतात, बाहेर सगळं तमिळ. तेही जुनं, माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या बोलत तसं. विचारलं की सांगितलं, ते कळलं नाही. कठड्याशी कुणी बाई बसली असावी. पदराचा ओला काठ दिसला, बाकी धुकं.

त्याच वेळी आमच्या शाळेची बस मागून येत होती. साबणाच्या डबीपाशी, एका ओल्या म्हातारीशी मराठीत बोलताना पोरींनी मला पाहावं? मी तमिळमध्ये तुटकपणे म्हटलं, “मला नाही वाजत.” अप्पा आले, इंजिन चालू झालं, मी पटकन आत बसले. आणि सवयीनं, मागे न बघता म्हटलं, “येते हं आजी. या!”

आमच्या घरात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, आणि जाणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणायचं, ‘या’ म्हणायचं. त्याला अर्थ थोडाच असतो?

“कुणाला ‘या’ म्हटलंस?” अप्पांनी विचारलं.

त्या दिवसापासून बर्फ वितळेना. अप्पांनी चोक बदलून पाहिला, फ्लोटची वाटी धुतली, एक्झॉस्टची गरम हवा आत वळवली. भर दुपारी, इंजिन हात भाजेल इतकं तापलेलं असताना, कार्ब्युरेटर पांढराच. गाडी चढावर जडपणे ओढायची. माझा उजवा खांदा गार पडायचा. गियरच्या दांडीच्या बाजूचा.

शनिवारी अप्पा जेवताना हळूच म्हणाले, “सोमवारी भंगारवाला येतोय. पदार्थविज्ञानाच्या मास्तरला एवढंसं कार्ब्युरेटर कळेना. शाळेतली पोरं हसतात.” आणि भात न संपवता उठले.

मला ताट दिसेनासं झालं. पोरांना हसू द्या, आधी मीच हसत होते ना? आणि ज्या कारणानं त्यांची तीन वर्षं भंगारात जाणार होती, ते कारण मी बोलावलं होतं.

रविवारी सकाळी मीच हट्ट केला, “अप्पा, एकदा पुलापर्यंत जाऊ या.”

पुलावर गाडी बंद पडली. अप्पा हँडल काढायला मागे गेले. मी रिकाम्या मधल्या जागेकडे न बघता, मराठीत, अगदी हळू म्हटलं,

“आजी, इथं उतरा. जा.”

तो शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता. कान तापले.

काही झालं नाही.

मग माझ्या खांद्याचा गारवा निघून गेला.

आणि कानाशी, जराही न रागावता,

“बरं गे. येते.”

पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं. अप्पांनी बॉनेट उघडून बोट फिरवलं. कोरडं! ते लहान मुलासारखे नाचले. आम्ही पार पापनाशमच्या वाटेनं भात-खाचरांतून फिरून आलो. गाडी पाण्यासारखी पळाली. मी वाटभर गायले.

घरी शिरलो, तर अम्मा स्वयंपाकघरातून, मागे न बघताच म्हणाली, “परत बाहेर कसाला गेली होतीस?”

“परत?”

“आत्ताच आलीस की. ‘आल्ये गे’ म्हणालीस दारातून, मला हसूच आलं. जुन्या बायकांसारखं. मी ‘ये’ म्हटलं.”

“ही तर सकाळपासून माझ्याबरोबर होती,” अप्पा म्हणाले.

कूडमधला, म्हणजे मधल्या दालनातला, ऊंजल हलत होता, आमचा झोपाळा. रिकामा. झोके लहान, म्हातारं माणूस पाय टेकवून घेतं तसे.

मी जवळ गेले. पितळी कड्यांवर पांढरा थर होता.

अम्मा हात पुसत बाहेर आली. तिनं कड्या पाहिल्या आणि पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“अप्पा, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा,” मी म्हणाले. माझा आवाज वादसभेत असतो तसा नव्हता. “गाडी आता नीट चालेल. आणि अम्मा, आज माझ्या चटईला लागून अजून एक चटई घाल. तिला मी बोलावलं होतं. एकदा ‘जा’ म्हणून झालं, पुन्हा नाही म्हणणार. थंडी वाजली, तर माझ्याच पांघरुणात घेईन.”