डावा हात पाठीमागे

मारतहळ्ळीच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली पाहुण्यांना कधी मिळालीच नाही. प्रणीत आणि त्याच्या बायकोनं, निधीनं, तिथं भलंथोरलं टेबल लावलं आणि त्यावर सोल्डरिंग आयर्न, जुने मीटर, व्हॉल्व्हचा रेडिओ मांडला. त्या रेडिओला चारशे व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय तेवढा हवा होता. तो बसवनगुडीच्या कमलाक्कांकडे मिळाला. त्यांचे यजमान नरसिंहराव यांनी तो स्वतःच्या हातानं बनवला होता, आणि त्याच्यावरच काम करताना ते गेले होते. हे ऐकूनही दोघांनी तो हौसेनं उचलून आणला. हौशी माणसांना अशा वेळी कान नसतात.

निघताना अक्का म्हणाल्या, “चालू असताना डावा हात पाठीमागं ठेवायचा, हं. दोन्ही हात लागले तर करंट छातीतनं जातो. आमचे हे जन्मभर तसंच करत आले.”

रविवारी दुपारी निधी पार्सल आणायला खाली गेली आणि प्रणीतनं सप्लाय चालू केला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. तापलेल्या धुळीचा, वितळत्या मेणाचा वास खोलीभर पसरला. सकाळपासून त्याच्या जिवाला चैन पडत नव्हतं. डावा हात पाठीमागे घेऊन तो मीटरची तार आत टेकवणार, एवढ्यात कुणीतरी मागून त्याचं ते मनगट धरलं. बोटं गार होती, कोरडी होती.

“निधी, स्वल्प थांब ना... चालू आहे हे.”

घुमणं वाढलं.

आणि दाराची बेल वाजली. पाठोपाठ बाहेरून निधीची हाक आली.

दचकून प्रणीत दोन्ही हात टेबलावर टेकणार होता, पण डावा हात काही सुटेना. मग पकड हळूहळू सैल झाली. त्यानं सप्लायच्या डावीकडचा स्विच बंद केला आणि दार उघडायला गेला.

म्हातारा आपल्याला जपतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. भीती ओसरली, डोळे भरून आले. निधीला मात्र तो काही बोलला नाही. ती हसली असती. संध्याकाळी बाल्कनीत येऊन त्यानं अक्कांना फोन लावला.

“अक्का, नरसिंहराव अजून लक्ष ठेवून आहेत हो. त्यांनी माझा हात धरला... वाचवलं मला.”

“त्यांनी?... अरे, त्यांचा उजवा हात आत चिकटला होता. असं झालं तर डाव्यानं बंद करता यावं, म्हणून तर त्यांनी स्विच डावीकडं बसवलेला. पण डावा हात पाठीमागंच राहिला. त्यांना उचललं तेव्हा त्या मनगटावर बोटांचे वळ होते... फार लांब बोटांचे.”

“मग अक्का, आधी का नाही सांगितलं?”

“मला ते घरात नको होतं रे...”

आतून ट्रान्सफॉर्मरचं घुमणं ऐकू येत होतं.

“प्रणीत, सोड की रे हात!” खोलीतून निधी हसत ओरडली. “स्विच बंद करू दे मला.”