लिलीची गोधडी

दार लोटून घ्या. ऐकायचं तर गुमान ऐका, मधे बोलायचं नाही. मोतीलाल आपल्याच गल्लीतला. अख्ख्या भडगावात त्याला खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

साल एकोणनव्वद. पौषातली अमावस्या. दिवस मावळताना मोतीलाल ज्वारी दळायला चक्कीवर निघाला. एका हातात लहानशी पिशवी. दुसऱ्या काखेत, घोंगडीच्या आत, लिली.

लिली म्हणजे कुत्री, पण आपल्याकडची नव्हे. मोतीलाल भुसावळला रेल्वेत खलाशी होता. तिथला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर घर मोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना हिला याच्या पदरात टाकून गेला. विलायती शिकारी कुत्र्यांमधलं हे सगळ्यात लहान वाण. पाय काडीसारखे, पोट पाठीला टेकलेलं, कातडी इतकी पातळ की आतली शीर दिसावी. ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटायची, म्हणून कायम दोरीला. एकदा ओट्यावरून उडी मारली तर पुढचा पाय मोडला. मोतीलालच्या बायकोनं, यशोदाबाईनं, बांबूच्या चिपा बांधून तो जोडला. दुधात भाकरी कुस्करून बोटानं भरवली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

चक्कीवाला कादर नेहमीसारखा बोललाच. "क्या मोतीलालभाऊ, ये कुत्ती हय या हिरन का बच्चा? कुछ खिलाते नय क्या?"

"मन्हापेक्षा जास्त भाकरी खास ती," मोतीलाल म्हणाला.

कादरनं पिशवी हातात घेतली. एवढंसं दळण पाहून त्याचं हसू गेलं.

"भाभी का दसवां कल हय?"

"हं."

कादरनं चक्की झाडून पुसून घेतली, मग दळलं. पीठ देताना एवढंच म्हणाला, "आज ठंड बहोत हय. इसकू संभालो."

मोतीलालच्या घरची रीत अशी, की दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरायचं. वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा ठेवायचा. गेलेलं माणूस रात्री येऊन जातं. सकाळी पिठात काय उमटलं ते बघायचं.

यशोदाबाई लिलीला पोटाशी घेऊन झोपायची. आधी गोधडी झटकायची, फट्ट. मग म्हणायची, "ये वं माय, ये." लिली आत शिरली की कडा तिच्या गळ्यापर्यंत खोचायची. जीव जातानाही तिचं तेच. "तिले थंडी लागस. तिले बाहेर ठेवू नका." मोतीलालनं तिचा हात धरला होता. "मी शे ना," म्हणाला होता.

ती गोधडी आता नव्हती. मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. मोतीलालनं स्वतः गिरणा नदीच्या धारेत सोडली होती ती. हिरव्या काठाची, लाल टाक्यांची. बुडेपर्यंत तो काठावर उभा होता.

पीठ पसरून झालं तशी त्याची थोरली बहीण बेबाबाई म्हणाली, "मोती, आज कुत्री घरमा नको. तिनी पीठमा पाय दिधा तर?"

"अक्का, थंडी तिले मारी टाकी."

"गोठामा पोतं टाक. एक रातमा काय व्हस? यशोदाना जीवपेक्षा कुत्री मोठी शे का?"

मोतीलाल लिलीला घेऊन उठला. त्यानं गोठ्यात पोतं टाकलं, लिलीला बांधलं, आपली घोंगडी तिच्यावर घातली. तो वळला तशी ती उठून उभी राहिली. घोंगडी खाली पडली. त्यानं पुन्हा घातली. पुन्हा पडली.

घरात आल्यावर अक्कानं आतून कडी लावली. "आज कोणी हाक मारी तरी दार उघडानं नही."

नदीकडून वारा सुटला. लिली कण्हायला लागली. बारीक आवाज, लहान पोराचा असतो तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. मोतीलाल उठला. अक्कानं मनगट धरलं. तो बसला. परत उठला. परत बसला.

मध्यरात्र उलटली. वारा एकदम पडला. दिव्याची ज्योत सरळ झाली.

बाहेर आवाज झाला.

फट्ट.

मोतीलालनं मान वर केली.

"अक्का..."

अक्कानं पुन्हा त्याचं मनगट धरलं. तिनंही ऐकलं होतं.

मग अगदी हळू... गोठ्याकडून...

"ये वं माय... ये."

कण्हणं थांबलं.

मोतीलालचा हात कडीपर्यंत गेला. तिथंच राहिला.

...

उजाडलं. अक्कानं टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. बोट नाही, पाऊल नाही, रेघसुद्धा नाही.

"उनीच नही रे ती," अक्का म्हणाली. पीठ कोरं म्हणजे यशोदा आलीच नाही, असं तिनं धरलं.

मोतीलालनं पिठाकडे बघितलंही नाही. तो गोठ्यात गेला.

लिली अंगाची गुंडाळी करून पडली होती. गेली होती. घोंगडी बाजूला, कालच्या जागी. अंगावर गोधडी. हिरवा काठ, लाल टाके. कडा गळ्यापर्यंत खोचलेल्या.

बाहेरून चिंब ओली. टाक्याटाक्यात नदीची वाळू.

त्यानं आत हात घातला. लिली दगडासारखी गार.

गोधडी मात्र आतून गरम होती. माणूस आत्ताच उठून गेल्यावर असते तशी.