नदी ऐकणारा नौफल

वीज काही सकाळपर्यंत येत नाही. चहा ओता आणि जवळ सरका. ही उडती गोष्ट नाही, पोरांनो. नौफल माझ्या साडूचा मुलगा. घडलं ते त्याच्याच तोंडून ऐकलंय.

नौफल बसऱ्याला एका विद्यापीठात कामाला. काम काय, तर नदीचे आवाज रेकॉर्ड करायचे. बेडूक, बगळे, लव्हाळ्यातला वारा, म्हशींचं डुंबणं. नदी खारट होत चाललीय, एकेक आवाज बंद पडतोय. उरलेत ते धरून ठेवायचे. गेल्या नोव्हेंबरची सत्तावीस तारीख, गुरुवार. तो इथून वरच्या अंगाला, फखरिया खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी उतरला. खाला एकटी. तिचा नवरा मुतशर नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन लव्हाळे कापायला गेला. होडी सापडली. तो नाही.

"नदी ऐकायचा पगार देतात?" त्याच्यापुढे तांदळाची भाकरी आणि म्हशीची साय ठेवत खाला म्हणाली. "अरे, मी नऊ वर्षं फुकटच ऐकतेय!"

नौफल हसला. संध्याकाळी त्यानं चार ठिकाणी रेकॉर्डिंग केलं. आधी लांबच्या वळणाशी, मग बंद पंपाशी, मग म्हशींच्या गोठ्यामागे, आणि शेवटचं खालाच्या धक्क्यावर. तेवढ्या वेळात नदीवर एकही होडी दिसली नाही.

रात्री नऊला हेडफोन लावून तो ऐकायला बसला. कान फार तयार त्याचा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये बेडकांच्या मागे काहीतरी होतं. चप्. थांबून पुन्हा, चप्. वल्हं. दुसऱ्यात तेच, पण जवळ. तिसऱ्यात वल्हवणाऱ्याला धाप लागलेली.

चौथ्यात होडी धक्क्याला टेकली. लाकूड लाकडाला घासलं. मग ओली पावलं. वर आली. माइकपाशी थांबली.

तिथे तर नौफल स्वतः बसला होता. त्याचा खोकला ऐकू येत होता. आणि त्या खोकल्याच्या अगदी शेजारी... कुणीतरी खाली बसल्याचा हुंकार.

त्यानं हेडफोन काढून टाकले.

"काय रे, असा पांढरा का पडलास?"

"काही नाही, खाला. यंत्र बिघडलंय."

"बघू, आण इकडे."

"नको, खाला. ऐकू नका."

"या पाण्याशेजारी एकटी झोपते मी, आणि तू मला भीती घालतोस?"

तिनं हेडफोन लावले. ऐकत राहिली. हळूहळू तिचा चेहरा... नौफल म्हणतो, सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"विचारतोय, शाल घेतलीस का."

"कोण विचारतंय?"

ती उठली. खुंटीवरची शाल घेतली. दार उघडलं.

नौफल धावला. धक्क्याच्या शेवटच्या फळीवर त्यानं तिला गाठलं. तिचा एक पाय पाण्यात. हात पुढे केलेला, कुणी धरावा म्हणून. समोर काही नाही. पाणी सपाट. त्यानं तिच्या कमरेला मिठी घातली. ती ओढत होती. साठीची बाई! नाही... ती ओढत नव्हती. तिला ओढत होतं.

मग एकदम सुटली. दोघंही फळ्यांवर आपटले.

पहाटेपर्यंत त्यानं तिला सोडलं नाही. ओरडला, रडला, तोंडाला येतील त्या कुराणातल्या आयती म्हटल्या. ती गप्प. अजूनही गप्पच आहे. शहरातल्या डॉक्टरनं घसा तपासला, म्हणाला, सगळं ठीक आहे. म्हशी सोडते, भाकऱ्या भाजते, आलेल्याला हातानंच बस म्हणते. शब्द नाही.

नौफलचं आणखी एक यंत्र त्या रात्री धक्क्यावर चालू होतं, रात्रीचे आवाज टिपायला ठेवलेलं. पंधरा दिवस त्याला ते लावायचा धीर झाला नाही. मग मला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून ऐकलं.

त्याचं ओरडणं त्यात नाही. फळ्यांवर आपटल्याचा आवाज नाही. बेडूक आहेत. होडी धक्क्यावरून सुटते. वल्हं पडतं... चप्. आणि फखरिया बोलतेय. हसत, मध्येच लटकं रागावत, नऊ वर्षांचं सगळं सांगत. लांब, लांब जात...