ट्रेगिलिस यांच्या नावापुढचा हिरवा दिवा

सकाळी अकरा वाजता सभागृहाच्या मतदानाच्या फळ्यावर आमदार ट्रेगिलिस यांच्या नावापुढे हिरवा, म्हणजे होकाराचा, दिवा लागला. डॉक्टरांच्या मते तेव्हा ट्रेगिलिस यांना जाऊन अर्धा तास झाला होता.

राज्यपालांनी पुकारलेली साथीची आणीबाणी संपवायचा ठराव त्या एकाच मताने तरला. पाच वाजता सभापतींची सही झाली, की जत्रेच्या मैदानावरचं तापाचं इस्पितळ बंद.

"माझी बहीण आहे तिथे," ट्रेगिलिसबाई म्हणाल्या. "रांगत जाईन पण ठराव पाडीन, असा शब्द दिला होता ह्यांनी. ह्यांच्या हृदयासाठी सभागृहात रोज दहाला प्रार्थना व्हायची. मी घरी रेडिओवर ऐकायचे. आज तर नावही ऐकू आलं नाही. कानही गेले माझे."

खासगी गुप्तहेर ओटिली क्रेक नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा सोबती प्रुइट याने तीस वर्षं सभागृहाचं दार राखलं होतं. तो मात्र पांढराफटक पडला होता.

"खुर्ची रिकामी होती, बाई. मी बघतोय, आणि दिवा लागला. अजून अंगावर काटा आहे."

"असू दे. बटण दाबायला बोट लागतं, प्रुइट."

गैरहजर मित्राचं बटण शेजाऱ्याने दाबायचं, ही तिथली जुनी खोड. सगळेच डोळेझाक करत. शेजारी दोनच होते.

डावीकडच्या लुंडक्विस्टबाई ठरावाच्या विरोधात. "मी हिरवं कशाला दाबू? ते येतील म्हणून दाराकडे डोळे लावून बसले होते मी."

उजवीकडे हेवरकँप. ठराव त्यांचाच. माणूस देवभीरू, प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची यादीही तेच लिहीत.

"ते गेल्याचं मला बारा वाजता कळलं, सगळ्यांबरोबर," हेवरकँप म्हणाले.

क्रेकबाई प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्रीबाबांना भेटून आल्या आणि त्यांनी हेवरकँप यांच्यापुढे एक कागद ठेवला.

"जिवंत माणसाचं मत उलटं कोण टाकेल? ते दारातून आले असते, तर तिथेच बोंब मारली असती. ते येणार नाहीत अशी ज्याला खात्री, त्याचंच हे काम. ट्रेगिलिसबाईंचे कान ठणठणीत आहेत. ह्या आजच्या यादीत ट्रेगिलिस नाहीतच. मेलेल्याला बरं कर म्हणायला तुमचा हात धजला नाही."

हेवरकँप यांनी कागद पालथा घातला.

"सकाळी आठ वाजता मन वळवायला गेलो होतो त्यांच्या मुक्कामाच्या खोलीवर. खुर्चीत निपचित पडलेले. हात गार. दार ओढून घेतलं नि निघालो. देवाशी खोटं नाही बोलवलं."

"माणसांशी बोलवलं."

घड्याळात पाचला वीस कमी होते. प्रुइट सभापतींकडे धावायला उठला. ते मत रद्द झालं की दोन्ही बाजू समसमान, आणि ठराव पडणार.

"थांब जरा," क्रेकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "हेवरकँप, डॉक्टर म्हणतात प्राण साडेदहाला गेला. तुम्ही दार ओढून घेतलंत, तेव्हा ते जिवंत होते."