खारकोंडचा नकार

खारकोंडमध्ये शिरायचं तर आधी फुंकणी फुंकावी लागे. खाडीच्या बांधावरून गावात जाणारा एकच रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी नाका. तिथला माणूस बोटभर काचेची नळी पुढे करी. तिच्यात श्वास सोडायचा. नळी पांढरी राहिली तर या, बसा, चहा घ्या. निळी झाली तर परत फिरा, मग तुम्ही गावचे जावई असा नाहीतर जिल्हाधिकारी.

मागच्या साथीत लस घेतल्याचा दाखला नसला की माणसाला दारात अडवत. करड्या तापाच्या या साथीत खारकोंडनं ते उलटं केलं होतं. इथे श्वासात लस नसल्याचा पुरावा द्यावा लागे. लोक त्याला ‘कोरा दाखला’ म्हणत.

लसच तशी होती. डॉ. शमा काझी ती समजावायला गावात आल्या, तेव्हा सरपंच हरेश्वर म्हात्र्यांची मुलगी जुईली ग्रामसभेत पुढेच बसली होती. ती गावाच्या मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान, आणि संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. पुढ्यातला संघ रोह्याचा, सगळ्या नुकतीच लस घेतलेल्या.

“हिला आम्ही पाझर लस म्हणतो,” डॉक्टरांनी सांगितलं. “हा एक निरुपद्रवी विषाणू आहे. एकाला टोचला की पंधरवडाभर त्याच्या श्वासातून तो शेजाऱ्यांकडे पाझरतो, आणि त्यांनाही करड्या तापापासून वाचवतो. मग पाझरणं थांबतं, संरक्षण मात्र राहतं. चमचाभर विरजणानं पातेलंभर दूध लागतं ना, तसं.”

“मग आमचं दूध दूधच राहू द्या,” हरेश्वर म्हणाले. सभा हसली, पण ते हसले नाहीत. “मॅडम, मागच्या साथीत तुमची लस आमच्याकडे पोचायच्या आधी तुमचा नियम पोचला. दाखला नाही म्हणून आमच्या बायकांना मासळीच्या पाट्यांसकट बाजारातून हाकललं. तेव्हा दार तुमचं होतं. आता दार आमचं आहे.”

डॉक्टर काही बोलणार तोच भोईरबाई उठल्या. सगळ्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे सभा आपोआप गप्प झाली.

“मला लसीचं वावडं नाही,” बाई म्हणाल्या. “पण शेजारणीनं हो म्हटलं म्हणून ते माझ्या अंगात शिरणार, हे मला मान्य नाही. मला विचारणार कोण?”

“बाई, करडा तापही विचारून येत नाही,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“तो ताप आहे. तुम्ही माणसं आहात.”

हात वर झाले आणि गावाचा नकार ठरला. जुईलीनंही हात वर केला, पण सभा सुटल्यावर तिनं वडिलांना गाठलं. “बाबा, आम्ही खेळायला जाणार. परतल्यावर गावात पाऊल टाकणार नाही. पाझर थांबेपर्यंत मिठागराच्या शेडमध्ये राहू. मग तर झालं?”

हरेश्वरांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. “हरून आलीस तर पंधरवडा फुकट जाईल,” एवढंच ते म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली.

पेणच्या मैदानावर मुली जीव तोडून खेळल्या. ज्या खेळात समोरच्याच्या तोंडाशी जाऊन ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं आणि चढाईला आलेलीला सात जणींनी मिठीत दाबायचं, त्यात लस पाझरायला किती वेळ लागणार? शेवटच्या चढाईत जुईली दोघींना फरपटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन आली आणि खारकोंड एका गुणानं जिंकलं. परतल्यावर मुलींनी शब्दाप्रमाणे शेडमध्ये सतरंज्या पसरल्या. मुलींनी शब्दाप्रमाणे शेडमध्ये सतरंज्या पसरल्या.

पण जिल्ह्याची ढाल पहिल्यांदाच गावाकडे येत होती. तिचं स्वागत लांबूनच करायचं ठरलं. गाव नाक्याच्या अलीकडे, मुली बांधाच्या पलीकडे. बेंजोवाल्यांनी सूर धरला, दोन्हीकडे नाच सुरू झाला, आणि जुईलीनं ढाल डोक्यावर धरली. तेवढ्यात हरेश्वर धावत सुटले. कोणी अडवायच्या आत त्यांनी लेकीला ढालीसकट उचललं आणि गरागरा फिरवलं.

“बाबा! तुमचा ठराव!” ती ओरडली.

“अगं, राहू दे तो!” हरेश्वर रडतही होते आणि हसतही होते.

मग कोण थांबतंय? आया धावल्या, मामा धावले, बेंजोवालेही वाजवत वाजवत पलीकडे आले. संध्याकाळी सगळं गाव बांधावर होतं. नाक्याच्या आत एकट्या भोईरबाई उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच सभा भरली. लोकांना घरी जायचं होतं. “आता सगळं गाव निळं होणार. एका माणसासाठी आम्ही थंडीत का बसायचं?” नाक्यावरच्या माणसानंच विचारलं.

जुईली उभी राहिली. “काल आपण नाचत होतो तेव्हा कोणी कोणाला विचारलं? माझी मिठी चारशे माणसांना लागली. बाईंना तरी विचारू या. त्या हो म्हणत नाहीत तोवर आत जायचं नाही.”

आपल्याच माणसांनी तिचं ऐकलं याचं तिला नवल वाटलं. नारळाच्या झापांची खोपटी उभी राहिली. वालाच्या शेंगा आणि अंडी मडक्यात भरून पोपटी लागली. बाई आत सगळ्या गावाच्या कोंबड्यांना दाणे टाकत आणि नाक्यावर येऊन बातम्या ओरडून सांगत: “कमळे, तुझी तांबडी खुडूक झाली गं, अंड्यांवरून उठतच नाही!” बांधावर हशा पिके. मग बाई एकट्या परत वळत.

डॉ. काझी पाहणीला आल्या त्या खुशीतच. “कुठल्या गावात लग्न, कुठे क्रिकेट. बहुतेक नकार असेच विरघळतात,” त्या जुईलीला म्हणाल्या.

“म्हणजे आमचंही असं होणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

“आशा होती,” डॉक्टर म्हणाल्या आणि पोपटीतली शेंग सोलू लागल्या.

पाझर थांबायला अजून आठवडा होता. त्या दुपारी भोईरबाई ताट-वाटी घेऊन नाक्याबाहेर आल्या. डॉक्टर धावल्या. “बाई, तुम्हाला सुईनं देऊ? रीतसर, विचारून?”

“नको. सगळ्यांना जशी आली तशीच येऊ दे.” बाई जुईलीशेजारी बसल्या. “वाढा काहीतरी.”

“बाई, पटलं का तुम्हाला?” जुईलीनं विचारलं.

“छे! तुम्ही जबरदस्ती केली असती तर वर्षभर आत बसले असते.” बाईंनी शेंग सोलली. “पण तुम्ही सगळे माझ्यासाठी उघड्यावर बसलात. आता मी नाही कशी म्हणू, सांग.”

“अख्खं गाव! आणि एकावरही सक्ती नाही!” डॉक्टरांनी हात उंचावून जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, बेंजो पुन्हा सुरू झाला. हरेश्वर बाईंच्या ताटात वाढायला स्वतः वाकले.

बाईंशी बोलताना जुईली नकळत तोंड फिरवून श्वास सोडत होती. बाईंनी तिची हनुवटी धरली आणि वर्गात धरत तशी स्वतःकडे वळवली. “इकडे बघून बोल गं.”

जुईलीनं श्वास रोखून धरला. बाई तिच्याकडे बघून हसत होत्या. तीही हसली, आणि जितका वेळ धरवला तितका वेळ तिनं तो श्वास आत धरून ठेवला. शेवटी सोडावाच लागला.