शेजारचा खण

परक्या देशात माणूस मेला की आधी त्याचा कागद होतो, आणि मग त्या कागदाला पिल्लं होतात. इस्पितळाचा दाखला, पोलिसांची ना-हरकत, वकिलातीचा शिक्का, रद्द केलेला पासपोर्ट. धाकट्याने चार दिवस खेटे घालून अशी अकरा पिल्लं गोळा केली होती आणि प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून छातीशी धरली होती. पाचव्या दिवशी दुपारी एकच कागद उरला, थोरल्याची ओळख पटल्याचा.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या हृदयाने केव्हाच हात टेकले होते, आणि डॉक्टर ‘आठवडाभर’ एवढंच बोलून औषधाची चिठ्ठी लिहायला लागले होते. “थोरल्याचं तोंड बघितल्याशिवाय मी हलायची नाही,” ती फोनवर म्हणायची. “पण लवकर आण रे त्याला. मला फार वेळ दम धरवत नाही.” तिला मुलगे दोनच, थोरला आणि धाकटा. आता धावपळ करायला एकच उरला होता.

वकिलातीने सोबत एक मध्यस्थ दिला होता. आपल्याच भाषेचा, साठी उलटलेला, सगळे त्याला काका म्हणत. तोंडाची टकळी अखंड चालू. “या देशात शिरायला सतरा सह्या लागतात आणि मेल्यावर निघायला अठरा,” असं म्हणून तो स्वतःच हसायचा. इस्पितळाच्या तळघराकडे जाणाऱ्या जिन्यावर मात्र तो गप्प झाला.

खाली फिनेलचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक गोडसर वास, जो नाकाला कळतो पण सांगता येत नाही. कुठलं तरी यंत्र एकसुरात घुमत होतं. समोरची अख्खी भिंत पोलादी खणांची. शवागाराच्या म्हाताऱ्या माणसाने धाकट्याचा कागद दिव्याखाली धरला, डोळे बारीक करून वाचला आणि एका खणाची मूठ धरली.

तिथली पद्धत अशी, की नातेवाइकाने नुसती मान हलवून भागत नाही. खणापाशी उभं राहून, साक्षीदारासमोर, आपल्या भाषेत मोठ्याने सांगावं लागतं, की हा माझा कोण लागतो आणि मी याला घरी नेतोय. मग सही.

धाकट्याला मेलेल्या माणसाकडे बघवत नसे. वडील गेले तेव्हा तो बाहेर पायरीवर जाऊन बसला होता, आणि बघायचं ते थोरल्यानेच दोघांच्या वाटचं बघितलं होतं. आज वाटून घ्यायला कोणी नव्हतं. खण सरकल्याचा आवाज आला. पांढऱ्या चादरीतून बाहेर आलेली दोन पावलं दिसली तेवढ्यात त्याने डोळे गच्च मिटले.

“हा माझा भाऊ,” तो म्हणाला. “मी याला घरी नेतोय. आई वाट बघतेय याची.”

शेवटचं वाक्य पद्धतीत नव्हतं. ते त्याच्या पोटातून आलं.

मग म्हातारा घाईघाईने काहीतरी पुटपुटला, आणि काकाने धाकट्याच्या दंडाला धरलं. “चूक झाली त्याची... हा नव्हे. हा बेवारशी आहे, अकरा महिने पडून आहे. कोणी आलंच नाही याच्यासाठी. तुमचा शेजारच्या खणात.”

शेजारचा खण उघडला. या खेपेला धाकट्याने जिवावर उदार होऊन डोळे उघडे ठेवले. थोरलाच होता. कपाळावरची ती लहानपणची खोक, तो जरासा वाकडा ओठ. धाकटा ढसाढसा रडला, तीच वाक्यं पुन्हा म्हणाला, सही केली.

मागे म्हातारा पहिला खण आत ढकलत होता. खण जात नव्हता. मघाशी एका बोटाने सरकलेला खण आता काकाने खांदा लावला तेव्हा कुठे बंद झाला. म्हाताऱ्याने खणावर हात ठेवूनच हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

“काय म्हणतोय?” धाकट्याने विचारलं.

“काही नाही. दिलगिरी व्यक्त करतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी विमानतळाच्या मालखान्यात आली. आत जस्ताची, बाहेर लाकडाची, कडा डाग देऊन बंद केलेल्या. दाखल्यावर वजन लिहिलं होतं एकशे बेचाळीस किलो. काट्यावरच्या कारकुनाने आकडा पाहिला, पेटी उतरवून पुन्हा चढवायला लावली, मग काटा रिकामा करून तपासला आणि पुन्हा वजन केलं. तिन्ही वेळा दोनशे तीन.

कारकून खांदे उडवून काकाशी बोलला. काकाने धाकट्याला बाजूला घेतलं. “म्हणतो, पेटी उघडून बघावी लागेल. म्हणजे पुन्हा डाग, पुन्हा दाखला, आणि पुढचं विमान गुरुवारी. नाहीतर नवीन वजन मान्य आहे म्हणून तुम्ही सही द्या.”

“एकसष्ट किलो जास्त कसे भरले, काका?”

काकाचा चेहरा उतरला होता. “काल तो म्हातारा बोलला ते मी तुम्हाला सांगितलं नाही,” तो अखेर म्हणाला. “म्हटलं, आधीच दुःखात आहे पोर. तो म्हणत होता, इथे कोणाला उगाच आपलं म्हणू नये. म्हटलंच, तर निघायच्या आधी तोंडाने परत घ्यावं. तू माझा नाहीस, असं स्पष्ट सांगावं... नाहीतर वाट बघून थकलेला माणूस, तो शब्द धरून बसतो.”

धाकटा पेटीजवळ गेला. मालखान्यात दहा गाड्या फिरत होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती, पण पेटीच्या आसपास तळघरातला तो गोडसर वास होता. त्याने लाकडावर तळवा ठेवला. लाकूड बर्फासारखं गार.

तू माझा नाहीस. तीन शब्द, त्यात काय मोठंसं? त्याने तोंड उघडलं. आणि त्याच्या मनात आलं, की आत थोरलाही आहे. त्याच्या डोक्याशी उभं राहून, परक्या देशात, हे शब्द बोलायचे? ज्याने शाळेत त्याच्यासाठी मार खाल्ला, ज्याने पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवलं, त्याने नेमके हेच ऐकायचे? चुकून त्यानेच ते मनाला लावून घेतले तर?

खिशात फोन वाजला. शेजारीण होती. “अरे, आई सारखी एकच विचारतेय, आला का म्हणून. कालपासून पाणीसुद्धा जात नाही घशाखाली. आता दोन-चार दिवस वगैरे काही सांगू नकोस बाबा.”

त्याने फोन ठेवला आणि सही केली. काकाने निरोपाचा हातसुद्धा लांबूनच हलवला.

आपल्या गावच्या विमानतळावर पेटी उतरवायला सहा जण आले होते. चौघांनीच ती उचलली, आणि एकजण म्हणाला, “कागदावर दोनशे तीन, आणि एवढी हलकी?” धाकट्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी पत्रेवाल्याने जस्त कापलं. झाकण उचललं तेव्हा तो एक पाऊल मागे सरला आणि धाकट्याकडे बघायला लागला. थोरला मधोमध नव्हता. तो एका कुशीवर, डाव्या कडेला अगदी चिकटून होता, दाटीच्या अंथरुणात दुसऱ्याला जागा करून देतो तसा. उजवीकडच्या मोकळ्या जागेत पांढरं कापड दबून खळगा पडला होता.

“प्रवासात हलला असेल,” कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी ते पटकन मान्य केलं.

आईला धरून बसवलं. तिने थोरल्याचं तोंड बघितलं, कपाळाच्या खोकेवरून बोट फिरवलं, पोटभर रडली. धाकट्याला वाटलं, आता ही जाणार. पण सगळं उरकून माणसं पांगल्यावर आईने पाणी मागितलं. मग भात मागितला. दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, आणि डॉक्टरांनी तिची नाडी पुन्हा पुन्हा तपासली. हृदय म्हणे बरं चाललंय.

“आनंद आहे,” ते म्हणाले, पण आनंदाने म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी धाकटा तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होता. घरात दोघंच. पाठीमागचं दार उघडं होतं आणि गार वारा येत होता. उठावं असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात आईने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

“मधल्या,” ती म्हणाली, “दार लोटून घे रे. गारठा येतोय.”

धाकट्याचा हात तिच्या केसांतच थांबला. त्याने मान वळवली नाही. मागे दार सावकाश लागलं, आणि कडी बसल्याचा आवाज आला.

आई समाधानाने हसली.

“गुणाचं पोर आहे हो,” ती म्हणाली. “एका हाकेत ऐकतं.”