गव्हाणीवरचं कुलूप

डेल्मानं आपलं लाल कुलूप लावायला हात पुढे केला, तर मेन स्विचवरच्या तिच्या नेहमीच्या जागी भलत्याच माणसाचं कुलूप लटकत होतं. ‘रेवी पाकी’ असं नाव, खाली फोटो. फोटोतला माणूस हसत होता... आणि तोच माणूस तिच्या मागेही हसत उभा होता.

“ही जागा माझी आहे,” ती म्हणाली.

“नाव तर कुठं दिसत नाही.”

“न्यूझीलंडची माणसं दुसऱ्याच्या घरात अशीच शिरतात का?”

“पाऊस असला की शिरतात. सरक ना थोडं!”

तिनं नाक मुरडलं आणि कुलूप त्याच्या शेजारी लावलं.

क्वीन्सलँडच्या त्या साखर कारखान्यातला नियम साधा होता. गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यात, उतरणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. एकाचंही कुलूप असेपर्यंत गव्हाण हलवायची नाही. डेल्माचे वडील चार्ली तिथंच इलेक्ट्रिशियन होते. ते घरी गेले असतील असं समजून एकदा कुणीतरी त्यांचं कुलूप कापलं. चार्ली आतच होते.

तेव्हापासून ती हसायची, पण बेतानंच.

रेवी आला होता जुना पीएलसी काढून नवा बसवायला. गव्हाणीनं कधी चालायचं, कधी थांबायचं हे त्या पेटीनं ठरवायचं. हंगाम तोंडावर आलेला आणि अवेळी पावसाची रिपरिप थांबत नव्हती. ती गव्हाणीपाशी भिजत एकेक सेन्सर दाबायची, तो पॅनेलच्या खोलीत त्याचा दिवा लागतो का ते बघायचा. मध्ये फक्त वॉकीटॉकी.

“बारावा दाबला.”

“लागला. ...पुन्हा दाब.”

“का? लागला ना?”

“दिवा लागला गं. तुझा आवाज नीट आला नाही.”

“वायरी तपास. लाडात येऊ नकोस.”

असं म्हणायची आणि पुन्हा दाबायची. हा माणूस आज या कारखान्यात, उद्या त्या. अशा माणसात जीव गुंतवू नये हे तिला चांगलं कळत होतं. पण तिचा जीव गुंतलाच होता.

काम संपलं. बॅग खांद्याला लावून तो तिच्यासमोर उभा राहिला.

“निघतो मग.”

“नीघ.”

“डेल्मा... काही बोलायचंय का तुला?”

“रस्ता निसरडा आहे. गाडी हळू चालव.”

त्याची पांढरी गाडी गेटबाहेर गेली, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

दुपारी उसानं भरलेले छोट्या रेल्वेचे डबे यार्डात येऊन थांबले. डेल्मानं आपलं कुलूप काढलं, आणि शेजारी रेवीचं तसंच लटकत होतं. त्याचा फोन लागेना. मॅनेजर डेस कटर घेऊनच आला.

“तो गेलाय गं. तूच पाहिलंस ना जाताना? कापून टाकू.”

“नाही.”

“अगं, विमानात बसला असेल तो!”

“असेल म्हणून कुलूप कापायचं नाही, डेस. माझ्यासमोर तर नाहीच.”

डेसनं कटर खाली घेतला. चार्लीच्या शवपेटीला त्यानंही खांदा दिला होता.

तिनं आपलं कुलूप परत लावलं, टॉर्च घेतली आणि गव्हाणीत उतरली. आत कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं कोपरान् कोपरा पाहिला, वाकून, रांगून, रेवीच्या नावानं हाका मारत. आतून फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

ग्रीसनं माखून ती वर आली, तर तो मेन स्विचपाशी उभा होता. नखशिखान्त भिजलेला.

“विमानतळावर खिसे रिकामे करायला लावले,” तो म्हणाला, “आणि ही चावी निघाली. मी आजवर कधी कुलूप विसरलो नाही गं. पण सकाळी तुझ्याशी काय बोलायचं याच विचारात—”

“गाढवा!” तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली. “तुला जाताना पाहिलं होतं मी. तरी सगळी गव्हाण शोधून आले. हाका मारत होते तुला... माझं काय झालं असेल, कळतंय का?”

त्याचं हसू पार मावळलं.

“कळतंय. माझाही तुझ्यावर जीव आहे, डेल्मा. सकाळी हेच बोलायचं होतं.”

तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलं नाही.

दोघांनी आपापली कुलपं काढली. भोंगा झाला, नव्या पीएलसीच्या हुकमानं गव्हाण सरकू लागली आणि पहिला ऊस आत पडला.

“उद्या मात्र जावंच लागेल,” तो म्हणाला. “फिजीच्या कारखान्यात काम अडलंय. इथला हंगाम संपायच्या आत येतो.”

“जाणारे असंच म्हणतात.”

त्यानं चावी पुढे केली. “मग ही ठेव तुझ्याकडे.”

“चावी कुणाला द्यायची नसते.” तिनं त्याच्या हातातलं कुलूप घेतलं.

वर्कशॉपच्या भिंतीवर प्रत्येकाच्या कुलपासाठी एकेक कडी होती. डेल्माच्या शेजारची कडी चार्ली गेल्यापासून रिकामी होती, तिला कुणी हात लावत नसे. तिनं रेवीचं कुलूप त्या कडीत घातलं आणि दाबून बंद केलं.

“आता तू येऊनच काढ. मी कुणाला कापू देणार नाही.”

रेवीनं चावी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण नीट लावलं.